शेपटीचा सतरावा मणका

बस सिग्नलला थांबली तेव्हा तिच्या फोनवर ऑफिसातल्या चिमणीचा निरोप आला. एका हातात वरचा दांडा, खांद्यावर डब्याची पिशवी, पाठीमागून कुणाच्या तरी छत्रीचं टोक. अशा अवस्थेत तिनं तो अंगठ्यानं उघडला. काळ्या पाटीवर पांढरी ठसठशीत अक्षरं होती : ‘क्रूर शिकाऱ्याचा बळी!’ आणि खाली तिच्या टेबलावरच्या मणक्याचा फोटो, लाल उजेडात घेतलेला, जणू रक्तात बुचकळून काढलाय. ‘ताई, शनिवारच्या उद्घाटनाची पाटी फायनल झाली. कशी वाटते?’ “बळी कसला, कपाळ तुझं!” ती म्हणाली, आणि ते मनात न म्हणता तोंडानं म्हटलं गेलं हे तिला समोर बसलेल्या गृहस्थाच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यानं घाईघाईनं उठून तिला जागा दिली. वेड्या बाईला देतात तशी. ती बसली, आणि आपल्याला बसायला मिळालं ते अशा कारणानं मिळालं, यानं तिचं डोकं आणखी भणभणायला लागलं. बळी म्हणे. नऊ वर्षं. नऊ वर्षं आपण सुईच्या टोकानं दगड उकरतोय, आणि ही कालची पोरगी दोन शब्दांत मोकळी.

कागदोपत्री ती संग्रहालयाची तंत्रसहायक होती. घरी आई शेजाऱ्यांना सांगायची, “आमची ही दगडातून हाडं सोडवते,” आणि तेच खरं होतं. इमारतीच्या मागच्या अंगाला, सुताराच्या खोलीला लागून तिची खोली होती. एक लांब टेबल, वर वाकवता येणारा दिवा, भिंग, दाताचे डॉक्टर वापरतात तसल्या सुया, हवेवर थरथरत दगड टोकरणारी एक लोखंडी लेखणी, आणि धूळ ओढून घेणारा जाडजूड पाइप. त्याच्या घरघरीमुळे तिला उजव्या कानानं थोडं कमी ऐकू यायला लागलं होतं. एकोणपन्नासाव्या वर्षी मनगटं गेली होती. टेबलावर जो डायनासोर होता त्याला सगळे ‘आणखी एक’ म्हणत. कारण तो आला तेव्हा नोंदवहीत कुणी कारकुनानं लिहून ठेवलं होतं : ‘कॅमारासॉरस. आणखी एक.’ त्याच्या आधीचे तीन संग्रहालयात होतेच. अमेरिकेतल्या त्याच्या काळातल्या खडकात जिथं खणावं तिथं बहुधा हाच सापडतो, इतका तो सामान्य. लांब मान, खांबांसारखे पाय, आखूड बोथट डोकं, चमच्यासारखे दात. पंधरा कोटी वर्षांपूर्वी दिवसभर पाला ओरबाडायचा, गिळायचा, पुढे सरकायचा. नावसुद्धा मणक्यांतल्या पोकळ्यांवरून पडलेलं : कप्प्याकप्प्यांचा सरडा. आदल्या तिघांतला एक पुढच्या दालनात उभा होता. लोक यायचे, मान वर करून बघायचे आणि विचारायचे, “हा मांस खायचा का?” नाही म्हटलं की “अच्छा,” म्हणून पुढे. त्या ‘अच्छा’चा तिला इतका राग होता की जेवायच्या सुट्टीतही ती पुढच्या दालनातून जायची नाही, मागच्या जिन्यानं जायची. आयुष्यभर कुणाच्या वाटेला न जाता झाडपाला खाल्ला म्हणून एवढ्या मोठ्या जनावराला ‘अच्छा’! आणि मग ‘आणखी एक’ तिच्या वाट्याला आला तेव्हा आधीचे संचालक म्हणाले होते, “घाई नाही. निवांत करा. हा कुठं जातोय?” म्हणजे कुणाला नको आहे, एवढाच त्याचा अर्थ. तिनं निवांत केलं. मान केली, फासळ्या केल्या, मांडीचं हाड केलं. ते तिच्यापेक्षा उंच होतं आणि सुताराच्या चार माणसांनी ते फिरवलं होतं. मग शेपटी धरली. एकामागून एक मणके, वाडगे एकात एक ठेवावेत तसे लहान लहान होत गेलेले. कुणी विचारायचं, “काय नवीन?” ती म्हणायची, “अकरावा.” पुढच्या वेळी, “चौदावा.” विचारणारे हळूहळू विचारेनासे झाले.

सतराव्यात दात निघाला. आठ महिन्यांपूर्वी, एका गुरुवारी दुपारी. पलीकडे सुतार खिळे ठोकत होता आणि तिच्या सुईचा आवाज बदलला. हाडावर सुई गेली की खसखस होते, दगडावर कर्र होतं. हा तिसराच आवाज होता, नखावर नख घासावं तसा. तिनं पाइप बंद केला. भिंग ओढलं. राखाडी दगडातून काहीतरी काळं, चकचकीत, मोहरीएवढं डोकावत होतं. संध्याकाळपर्यंत ते बोटाच्या पेराएवढं झालं आणि त्याच्या कडेचे बारीक दाते दिसले, करवतीसारखे. मांसाहारी. ऍलोसॉरसचा असणार. त्या शिकाऱ्यानं धावत येऊन मागून शेपटीचा चावा घेतला, ह्यानं हिसडा दिला, आणि त्याचा दात मोडून ह्याच्या हाडात राहिला. पण तिनं सुई खाली ठेवली ती दात बघून नव्हे. दाताच्या भोवती हाड वाढलं होतं. खोडात रुतलेल्या तारेवर झाडाची साल चढते तसं, गुठळ्या गुठळ्यांनी, वेडंवाकडं. कळा सोसत, चिडून वाढल्यासारखं. मेलेलं हाड वाढत नाही. म्हणजे हा वाचला होता. दात घेऊन चालत राहिला होता. तिनं दोन दिवस कुणालाही सांगितलं नाही. सकाळी यायची, कापड काढायची, बघायची. असं आपल्याकडे काहीतरी आहे जे जगात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही, हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं, आणि ते सांगून टाकावं लागणार याचा आधीच वैताग येत होता.

वैताग खरा ठरला. नवे संचालक तसे वाईट नव्हते. त्यांनी गळकं छप्पर दुरुस्त करून घेतलं होतं, बायकांच्या स्वच्छतागृहाला कडी बसवली होती, जे आधीच्या तीन विद्वानांना सुचलं नव्हतं. पण लोक संग्रहालयात येत नाहीत या काळजीनं त्यांना घेरलं होतं, आणि त्यावर त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे ‘शिकारी’ नावाचं नवं दालन. तिनं मणका दाखवल्यावर ते खुर्चीतून उठलेच. “दात! अहो ताई, दोन दिवस बोलला का नाहीत? काढा, काढा तो.” ती म्हणाली, “निघणार नाही सर. हाड त्याच्यावर वाढलंय. दात काढायचा तर मणका फोडावा लागेल.” ते म्हणाले, “मग फोडा. मणके आपल्याकडे पोत्यानं आहेत.” त्या दिवशी ती जे बोलली ते तिला नंतर आठवलं नाही. संचालकांच्या दाराला बिजागरी बसवणाऱ्या सुतारानं मात्र सगळं ऐकलं होतं आणि पुढे पंधरा दिवस तो तिला सगळ्यांदेखत वाकून नमस्कार करायचा. शेवटी एका रविवारी तो मणका गोधडीत गुंडाळून इस्पितळात नेला, माणसांना सरकवतात त्या यंत्रात सरकवला. तिथल्या हाडांच्या डॉक्टरनं पडद्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हटलं, “माणूस असता तर मी म्हणालो असतो, जखम पाच-सात वर्षं जुनी आहे. चांगला धडधाकट असणार तुमचा पेशंट.” मणका अख्खा ठेवायचं ठरलं. तिला वाटलं, जिंकलो. तिथंच चुकलं. माणसानं असं काही वाटून घेऊ नये.

बसमधून उतरून ती सरळ चिमणीच्या टेबलापाशी गेली. चिमणी जनसंपर्काचं बघायची. नाव तिच्या आवाजावरून पडलं होतं आणि तिला ते आवडायचंही. मुलगी कामाची होती, मनानं चांगली होती, आणि हेच जास्त अवघड होतं. “ताई, पाटी बघितलीत?”

“बघितली. बळी म्हणजे काय गं?”

“म्हणजे… व्हिक्टिम.”

“व्हिक्टिम मेला का?”

चिमणीनं डोळे बारीक केले. “मेलाच ना ताई. त्याशिवाय हाडं कशी मिळतील?”

“अगं, तसे सगळेच मेले! तो दातवालाही मेला. त्याला तू बळी म्हणतेस का? ह्याला तो चावला आणि हा वाचला. नंतर वर्षानुवर्षं जगला. मी तुला लिहून दिलं होतं, दोन पानं.”

“दोन पानं कोण वाचतं ताई? पाटीवर वीस शब्द. आणि ‘बळी’त कसं, एक थरार आहे. बाहेरचा मोठा बोर्डसुद्धा तोच छापून आलाय.” मग तिचा चेहरा बघून, खरोखरच काळजीनं, “तुम्हाला लाल रंग आवडला नाही का? रंग बदलता येईल.”

ती संचालकांकडे गेली. त्यांनी फोनवर हात ठेवून ऐकून घेतलं. “ताई, मला पटतं हो तुमचं. शास्त्रीयदृष्ट्या शंभर टक्के. पण लोकांना वाढलेलं हाड कळत नाही, दात कळतो. दालनाचं नाव ‘शिकारी’ आहे. त्यात शिकार लागते. ‘वाचलेला’ असं लिहिलं तर शिकाऱ्याची काय इज्जत राहिली?” स्वतःच्या विनोदावर ते हसले, मग तिला हसू आलं नाही हे पाहून गंभीर झाले. “आणि शेवटी आहे कोण तो? कॅमारासॉरस. असे चार आहेत आपल्याकडे. ह्या एकाचं नशीब की त्याला कुणीतरी चावलं, म्हणून निदान पुढच्या दालनात तरी आला.” ती वळून दाराकडे निघाली. पालथ्या घड्यावर पाणी. बाहेर सुतार काचेच्या पेटीला रंधा मारत होता. “काय झालं ताई?” त्यानं विचारलं. “काही नाही,” ती म्हणाली. “त्याचं नशीब उघडलं.”

दिवसभर तिनं अठराव्या मणक्याला हात लावला नाही. पाइप नुसताच घरघरत ठेवून बसली, म्हणजे कुणी आत येणार नाही. तिला माहीत होतं की हा राग पाटीवरचा नाही, किंवा नुसता पाटीवरचा नाही. तो फार जुन्या मुक्कामावरून चालत आला आहे. ती सात वर्षांची असताना वडील घर सोडून गेले. नंतर आईचं नाव कुणी घेईना. ‘टाकलेली’. जिन्यात, पाण्याच्या रांगेत, शाळेच्या फाटकाशी : ती कोण? ती नाही का, नवऱ्यानं टाकलेली. मामेबहिणीच्या लग्नात मामींनी नव्या व्याह्यांशी ओळख करून दिली, “ही आमची नणंद, बिचारीला टाकलीय,” आणि त्या बाईंनी ‘चक् चक्’ असा आवाज काढून आईच्या ताटात आणखी एक जिलबी वाढली. अकरा वर्षांच्या तिनं ते ताट उचलून पालथं केलं होतं. सगळ्यांदेखत. आईनं तिला एक धपाटा घातला आणि खाली बसून सांडलेलं भरायला लागली. आणि ही टाकलेली बाई कशी होती? काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होती. समोरून पट्ट्यावर बाटल्या सरकायच्या, मागे पांढरा उजेड, आणि आई डोळ्याची पापणी न हलवता तडा गेलेली बाटली उचलून बाजूला फेकायची. पुरुष तपासनीस अर्ध्या तासाला थकून जागा बदलायचे. आई दोन दोन तास बसायची. घरी येऊन डोळ्यांवर ओलं फडकं टाकून पडायची आणि तशीच पाढे विचारायची. पन्नाशीत पोहायला शिकली. तिनं युनियनची निवडणूक लढवली आणि पडली, आणि पडल्याच्या रात्री घरी येऊन जिंकलेल्या उमेदवाराची नक्कल करून पोट दुखेस्तोवर हसवलं. यातलं काहीच कुणाच्या तोंडी नव्हतं. शब्द एकच. तेविसाव्या वर्षी ती ज्याच्याशी लग्न करणार होती त्याच्या आईनं चहाचा कप पुढे करताना सहज म्हटलं, “तुझ्या आईला टाकली तेव्हा तू केवढी होतीस?” ती कप न घेता उठली, चपला घातल्या, आणि परत त्या घरी गेली नाही. तो आठ दिवस फोन करत होता. त्याचंही काही चुकलं नव्हतं. आणि आज सव्वीस वर्षांनी ती एका मुक्या, सामान्य, पालाखाऊ जनावरासाठी बसमध्ये लोकांवर ओरडत होती. हे काही शहाणपणाचं लक्षण नव्हे, असं तिनं स्वतःला सांगितलं. स्वतःनं ऐकलं नाही.

घरी आली तेव्हा आई इस्त्री करत होती. शहात्तराव्या वर्षीही चादरींना इस्त्री करायची. चुरगळलेल्या चादरीवर माणसाला झोप कशी येते, असा तिचा कायमचा प्रश्न. “तोंड का असं?” आईनं विचारलं. तिनं चपला काढता काढताच सगळं सांगितलं. पाटी, चिमणी, नशीब उघडलं, सगळं. आईनं चादर उलटी केली. “मग होऊ दे की बळी. त्याला वाचता थोडंच येतंय?”

“प्रश्न तो नाही आई! तू जगलीस काय, केलंस काय, ते सगळं गेलं चुलीत, आणि कुणीतरी तुला एकदा चावलं तेवढंच लोकांच्या लक्षात. तुला नाही का म्हणायचे सगळे, टाकलेली, टाक—”

शब्द पूर्ण झाला नाही. बेचाळीस वर्षांत तिनं तो आईसमोर कधी उच्चारला नव्हता. इस्त्रीतून वाफ निघाली. आईनं ती उभी करून ठेवली.

“टाकलं कुठं होतं?” आई म्हणाली. “मीच घालवला.”

“काय?”

“रोज संध्याकाळी तोंड पाडून बसायचा. इथं माझा जीव रमत नाही. रोज तेच. आठ वर्षं ऐकलं मी. एक दिवस म्हटलं, नाही ना रमत, मग जा. बॅग मीच भरली. पांढरा शर्ट इस्त्री करून दिला, म्हटलं निदान बरा दिसत तरी जा.” आईनं चादरीची घडी घातली, कडा जुळवल्या. “गेला. मला वाटलं नव्हतं जाईल. पण गेला.”

ती खुर्चीवर बसली. एक चप्पल पायात, एक हातात. “मग तू सांगितलं का नाहीस कुणाला?”

“कशाला? टाकलेली म्हटलं की लोक चक् चक् करतात, पण कामाला लावून देतात, पोरीची फी माफ करतात, वरच्या मजल्यावर पाण्याची बादली चढवून देतात. घालवला म्हटलं असतं तर दारात उभं केलं असतं कुणी? बाटल्यांच्या कारखान्यातली नोकरी त्या एका शब्दावर मिळाली मला. साहेब बिचारा रडायचाच बाकी होता.”

“आई, मी चाळीस वर्षं भांडतेय तुझ्यासाठी! मामींशी, शाळेत, सगळ्यांशी! मी लग्न मोडलं त्या शब्दापायी! तुला ठाऊक होतं मी का उठून आले, न सांगताच कळलं होतं तुला!”

“तुला कुणी सांगितलं होतं भांडायला?” आई म्हणाली, पण जरा हळू. मग म्हणाली, “तो तसाही शेंबडा होता.”

तिला एकाच वेळी रडू आलं, हसू आलं आणि हातातली चप्पल भिंतीवर फेकावीशी वाटली. काय बाई आहे ही! स्वतःच्या हातानं खोटी पाटी गळ्यात अडकवून घेतली, तिच्यावर आयुष्य काढलं, आणि लेकीला साधं कानात सांगितलं नाही. सगळा राग, इतका जपलेला, इतका न्यायाचा, त्याच्या खालची जमीनच आईनं चादर ओढावी तशी ओढून घेतली होती. आता ती कुणावर रागवणार होती? मामी तर वारल्यासुद्धा. आई दुसरी चादर पसरायला लागली. कडा ताणता ताणता आई पाठमोरीच म्हणाली, “माझं वेगळं होतं. मला तोंड होतं. गप्प बसायचं ते मी ठरवलं. तुझ्या त्या जनावराला कोण विचारायला गेलं होतं?” आणि मग लगेच, “ती चप्पल खाली ठेव आधी. कोचावर धूळ.”

दुसऱ्या दिवशी तिनं सही केली नाही. कुठलंही हाड तिच्या खोलीतून दालनात जायचं तर एका कागदावर तिची सही लागायची, की काम पुरं झालं, हलवायला हरकत नाही. तिनं कागदावर लिहिलं : ‘पाटी चुकीची आहे. पाटी बदलल्यावर सही करीन.’ चिमणी तो कागद दोन बोटांत धरून घेऊन गेली. अर्ध्या तासानं संचालक स्वतः आले. त्या खोलीत ते पहिल्यांदाच आले होते; पाइपाच्या घरघरीत त्यांना ओरडून बोलावं लागलं आणि तिनं तो मुद्दाम बंद केला नाही. “ताई, हा काय पोरखेळ आहे? परवा उद्घाटन आहे!”

“तेरवा,” ती म्हणाली.

“एका शब्दासाठी तुम्ही अख्खं दालन अडवताय!”

“शब्द एकच आहे, मग तो बदलायला काय जातंय?”

“तुमच्यावर कारवाई होऊ शकते.”

“होऊ द्या. हा मणका उचलायचा कुठून ते मला आणि सुताराला ठाऊक आहे. सुताराची आज पाठ धरलीय.”

भिंतीपलीकडचा रंधा तत्काळ थांबला. संचालकांनी भिंतीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, मणक्याकडे पाहिलं. ते पहिल्यांदाच तो नीट बघत होते असं तिला वाटलं. त्यांनी बोट पुढे केलं आणि त्या गुठळीवरून, दाताला न लावता, फिरवलं. “हे सगळं नंतर वाढलेलं?”

“हो.”

“हं.” त्यांनी बोट रुमालाला पुसलं. “तुम्हीच लिहा मग. वीस शब्द. चार वाजेपर्यंत. बाहेरचा बोर्ड बदलणार नाही, तो छापून झालाय. त्यावर वाद घालू नका.” आणि जाता जाता दारातून, वैतागून, “डोक्याला ताप नुसता!”

वीस शब्द. तिनं नऊ वर्षं त्या जनावराबरोबर काढली होती आणि तिला वीस शब्द सुचेनात. पहिल्या मसुद्यात ‘झुंज’ आलं, खोडलं. कसली झुंज, तो पळाला असेल. दुसऱ्यात ‘वेदनेवर मात’. ते वाचून तिनं स्वतःच कागद चुरगळला. तिसऱ्यात तो इतका थोर झाला की चिमणीनं लिहिल्यासारखा वाटायला लागला. म्हणजे खरं लिहिणं एवढं अवघड असतं तर, आणि आपण त्या पोरीवर ओरडलो. पाच कागद टोपलीत गेले. पावणेचारला तिनं लिहिलं : ‘कॅमारासॉरसच्या शेपटीचा सतरावा मणका. शिकाऱ्याचा दात यात मोडून राहिला. दाताभोवती नवं हाड वाढलं. हा प्राणी पुढे बरीच वर्षं चालला, चरला, जगला.’ मोजले. एकवीस भरले. कुठला काढावा ते कळेना. चिमणीनं वाचलं, ओठ हलवत पुन्हा वाचलं. “ताई, यात थरार नाही,” ती म्हणाली. मग कागदाची घडी घालत, “पण राहू दे. एकवीस चालतील. मी अक्षर बारीक करते.”

शनिवारी गर्दी झाली. संचालकांचं खरं ठरलं. लोक बाहेरच्या लाल बोर्डापुढे फोटो काढून घेत होते, ‘बळी!’च्या खाली, हसत. आत मधोमध शिकाऱ्याचा सांगाडा जबडा वासून उभा होता आणि सगळे त्याच्याभोवती. मणक्याची पेटी उजव्या भिंतीला होती. ती बाजूला उभी राहून मोजत होती : एक जोडपं आलं, काचेवर टेकलं, गेलं. एका माणसानं पाटी न वाचता बायकोला समजावलं, “बघ, ह्यानं ह्याला खाल्लं.” तिनं दात आवळले. पाठीमागे सुतार कुजबुजला, “सांगू का त्याला?” ती म्हणाली, “राहू दे.” किती जणांना सांगणार. एका मुलीनं मात्र पूर्ण वाचलं, मोठ्यानं, शब्दावर बोट ठेवत, आणि शेवटाला आली तेव्हा ‘चरला’ म्हणजे काय ते वडिलांना विचारलं. एवढंच.

दुपारी आई आली. एकटीच, रिक्षानं, ठेवणीतली साडी नेसून. तिला बोलावलं नव्हतं, कारण बोलावलं असतं तर ती आली नसती. तिनं शिकाऱ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. सरळ पेटीपाशी गेली, चष्मा कपाळावर चढवला आणि काचेपासून वीतभर अंतरावर डोळे नेले. मग एका बाजूनं पाहिलं, वाकून खालून पाहिलं, पापणी न हलवता. लोक तिच्या मागे थांबले आणि वळसा घालून गेले. ती पाटी वाचेल, काही म्हणेल, म्हणून लेक तिच्या शेजारी उभी राहिली. आई पाटी वाचत नव्हती.

“दुखत असेल का गं?” आईनं विचारलं.

“असेल. शेपटी हलवली की दुखत असणार.”

“रोज?”

“रोज.”

आई बघत राहिली. काचेवर तिच्या श्वासाचा एक छोटा गोल उमटला आणि विरला. “सुरुवातीला,” ती म्हणाली. “पहिली चार-पाच वर्षं. दार वाजलं की.”

लेकीनं आईच्या कोपराला हात लावला. आईनं तो झटकला नाही, धरलाही नाही; तिनं चष्मा खाली ओढून नाकावर नीट बसवला आणि “चल, पाय दुखायला लागले माझे,” म्हणून गर्दीतून तरातरा निघाली. अगदी उलट्या बाजूला. तिकडे बाहेर जायचा रस्ता नव्हता, फुलपाखरांचं दालन होतं आणि त्यापुढे बंद जिना. “आई, तिकडे नाही!” ती ओरडली. चार जणांनी वळून पाहिलं. आईनं पाहिलं नाही. ऐकायचंच नाही कधी, कुणाचंच नाही, सगळं आपल्याच मनानं, असं पुटपुटत ती लोकांना बाजूला सारत आईच्या मागे निघाली.